सामाईक बॅट

आमच्या गावात भावाभावांत शेत वाटायचं असलं की एकही बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, कुणाला अख्खी मिळत नाही. कालव्याजवळची बांधी एकाला आणि टेकाडावरची दुसऱ्याला असं केलं तर जन्माचं वैर होईल, म्हणून प्रत्येक बांधीच्या मधोमध नवा धुरा, मातीचा बांध, घालतात. पुढच्या पिढीत त्या अर्ध्याचंही अर्धं होतं. शेवटी धानापेक्षा धुरेच जास्त दिसतात, ट्रॅक्टर वळायला जागा उरत नाही. पण मालक समाधानी असतो, कारण भावाच्या पदरात आपल्यापेक्षा ओंजळभर माती जास्त गेलेली नसते. इटियाडोह धरणाचं पाणी कालव्याच्या टोकाला आमच्या गावापर्यंत येता येता दमून जातं. ही अक्कल मात्र कधी दमलेली मी पाहिली नाही.

ती शेतापुरतीच असेल, असं मला वाटायचं. उदेलाल कटरेच्या दोन्ही पोरांनी माझा गैरसमज दूर केला.

उदेलाल माझा सोबती. मी गावच्या शाळेत मास्तर झालो, तो बापाच्या शेतीवर बसला. पण तरुणपणी शिकायला गोंदियाला असताना तो तिथल्या राइस मिलवाल्यांच्या टीममधून क्रिकेट खेळायचा. एकदा नागपूरची टीम आली. तिचा कप्तान रणजी खेळलेला. उदेलालने त्याची मधली दांडी उडवली. त्या कप्तानाने संध्याकाळी आपली बॅट उदेलालच्या हातात दिली आणि म्हणाला, “आज ही माझ्या काही कामाची नव्हती.” बॅटच्या खांद्यावर त्याने चाकूने चंद्रकोर कोरलेली होती. दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याला बोलावून दोन्ही टीमांचा फोटो निघाला. मधोमध उदेलाल, छातीसमोर ती बॅट सरळ धरलेली, चंद्रकोर स्पष्ट दिसते आहे, आणि खांद्यावर कप्तानाचा हात.

हे सगळं उदेलालने एका लोखंडी पेटीत जपलं. बॅट, ज्याने दांडी उडवली तो चेंडू, वेताच्या काड्यांचे कॅनव्हासचे पॅड, हिरव्या रबरी काट्यांचे हातमोजे, तीन स्टंप, दोन बेल्स आणि तो फोटो. दर हिवाळ्यात घरच्या जवसाचं तेल काढलं की पहिली वाटी बॅटला जायची, मग स्वयंपाकघराला. धनवंताबाई, त्याची बायको, कुरकुरायची, “या घरात पयली सून ही बॅट आहे.”

दोन्ही पोरांनी त्या पेटीकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. थोरला भुवनेश्वर रस्त्यावर खताचं दुकान चालवतो. त्याचं क्रिकेट म्हणजे मोबाइलवर पैशांवर टीम लावणं आणि हरलं की खेळाडूच्या आईबहिणीचा उद्धार करणं. धाकटा टिकेश सडक अर्जुनीच्या हायवेलगत प्लॉट पाडून विकतो. जमीन दिसली की तो तिच्यात चुन्याच्या रेघा पाहतो. बापाला क्रिकेटबद्दल एक प्रश्न विचारावा, एवढा वेळ दोघांना कधी मिळाला नाही.

तो वेळ रिंकीने दिला. रिंकी भुवनेश्वरची पोर, आठवीत आहे. रविवारी सकाळी उदेलाल पेटी उघडायचा आणि एक वस्तू बाहेर काढून तिच्या हातात द्यायचा. रविवारी एकच वस्तू. गोष्ट पूर्ण झाल्याशिवाय दुसरी नाही. मी मास्तर असूनही इतक्या सबुरीने कधी शिकवलं नसेल. “आबाजी, ही पेटी कोनाले देसान?” असं तिने माझ्यासमोरच विचारलं होतं. तो म्हणाला, “ज्याले गोष्ट येते त्याले.” म्हणजे तिलाच. पण उदेलालने हे कागदावर लिहिलं नाही. आमच्याकडे शब्दाला किंमत असते तेवढ्याच काळापुरती, जेवढा काळ बोलणारा जिवंत असतो.

पोळ्याच्या सुमाराला उदेलाल गेला. तेरवीच्या गर्दीत नागपूरचा एक व्यापारी आला होता, इंद्रकुमार नावाचा. जुनी पितळी भांडी, घड्याळं असलं घेतो. कुणाच्या तरी सोबत जेवायला आला, आणि हात धुवायला म्हणून आत गेला तर रिंकी पेटी उघडून बसलेली. तो तिथेच उकिडवा बसला. एकेक वस्तू पाहिली, मोबाइलवर फोटो काढले, आणि जाताना दोन्ही भावांना बाजूला घेऊन म्हणाला, “इसमें एक चीज है. बाकी तो ठीक है, पर एक चीज है. मैं फिर आऊंगा.”

कोणती, ते सांगितलं नाही. व्यापारी कशाला सांगेल? पण त्या दिवसापासून जी पेटी माजघरात बिनकुलपाची पडलेली असायची तिला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी दुसरं कुलूप लागलं, धाकट्याचं. रिंकी माझ्या छपरीत अभ्यासाला यायची, तिचा चेहरा उतरलेला. “गुरुजी, त्याईनं पेटी बंद केली. आबाजीनं मले देल्ली होती ना? तुमच्यासमोरच बोलले होते.”

मी दोघांकडे गेलो. सांगितलं, की मी साक्षीला होतो. भुवनेश्वर हसला. “गुरुजी, बाबूजी लाडात काहीबी बोलत. मलेबी एकदा म्हनले होते का तुले कलेक्टर करतो.” टिकेश त्याच्यावरचा. “पोरगी भुवनची. म्हनजे पेटी भुवनच्या घरी. अशी वाटनी शिकवता काय तुम्ही शाळेत?”

धानकापणी झाली, धानावरच्या सरकारी बोनसच्या गप्पा संपल्या, आणि वाटणीचा दिवस ठरला. पंच म्हणून मला बोलावलं. बांध्या वाटल्या, धुऱ्याच्या खुणा झाल्या, भांडी वाटली. विहीर, खळं आणि विहिरीकडे जाणारी पाऊलवाट सामाईक राहिली. ती सगळीकडेच राहते. मग पेटी आली.

मी म्हणालो, “एकानं पेटी घ्यावी, दुसऱ्यानं त्याबदली काही दुसरं घ्यावं.”

“आन् ते ‘एक चीज’ त्याच्या पेटीत निघाली तं?” टिकेश म्हणाला.

“मग तू घे पेटी.”

“याले काऊन?” भुवनेश्वर उसळला. “मी थोरला आहो.”

“बरं, अर्ध्या वस्तू एकाला, अर्ध्या दुसऱ्याला.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. अर्ध्या वस्तू नकोत. कोणती वस्तू भारी, हे ठाऊक नाही. म्हणून प्रत्येक वस्तूतला अर्धा हिस्सा पाहिजे. बांधीसारखा.

रिंकी दाराशी उभी होती. तिला एक प्रश्न विचारला असता तर तिने सगळं सांगितलं असतं. पण आठवीतल्या पोरीला विचारायचं म्हणजे कटऱ्यांची इज्जत गेली असती. ती वाचवण्यासाठी भुवनेश्वरने आरी मागवली.

पॅड सोपे होते. डावा थोरल्याला, उजवा धाकट्याला. हातमोज्यांचंही तसंच. एका हाताच्या मोज्याचं काय करणार, हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही. बेल्स दोन होत्या, तिथे देवानेच पंचाचं काम केलं. स्टंप तीन. तिसऱ्याला मधोमध आरी लावली. टिकेशने तुकडे उभे करून पाहिले, उंची सारखी आहे का, आणि भुवनेश्वरच्या तुकड्याला टोक आहे अशी तक्रार केली. टोकाबद्दल बराच वेळ चर्चा झाली. मी चहा प्यालो.

मग चेंडू. तो धरायलाच दोघं लागले. आरी घसरत होती. शेवटी फुटला तेव्हा टिकेश वाकून आत पाहू लागला. आत दोरा होता आणि बुचाचा गोळा. त्याने दोरा बोटाने उकलून पाहिला.

“काय शोधून राहिला?” मी विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला, आणि अर्धा चेंडू खिशात घातला. त्याला काय वाटलं होतं कोण जाणे. क्रिकेटच्या चेंडूत हिरा असतो, असं त्याला कोणी सांगितलं असावं. बापाने तरी सांगितलं नव्हतं. बापाला विचारलं कोणी होतं?

फोटो आला तेव्हा माझा आवाज चढला. आयुष्यभर पोरांवर न चढलेला आवाज तिथे चढला. “अरे, मधोमध तुमचा बाप उभा आहे!”

“मनून तं मधोमध कापावं लागते,” भुवनेश्वर शांतपणे म्हणाला. “बाबूजी दोघाचे होते.” आणि ब्लेड घेऊन त्याने वरून खालपर्यंत रेघ मारली. सरळ यावी म्हणून उदेलालने छातीसमोर धरलेल्या बॅटची कड धरून मारली. एका तुकड्यात बापाचा एक डोळा, एक कान, एक हात. दुसऱ्यात दुसरा. बॅट टिकेशच्या तुकड्याच्या अगदी कडेला राहिली. धनवंताबाई चुलीजवळ बसली होती. तिने पदर तोंडाला लावला.

शेवटी बॅट. भुवनेश्वर म्हणाला, “फळी माझी, दांडा तुझा.” टिकेश म्हणाला, “फळी मोठी आहे.” मग उभी कापायचं ठरलं. टिकेशने ती पायाखाली दाबली आणि आरी लावली.

“काकाजी,” रिंकी म्हणाली, “विहीर कोठून कापली?”

टिकेशची आरी थांबली. “काय?”

“आज विहीर वाटली ना. कोठून कापली ते दाखवा ना मले.”

वाटणीला जमलेली माणसं हसली. “येडी आहेस काय वं?” टिकेश म्हणाला. “विहीर कापत असतेत काय? विहीर सामाईक रायते.”

“काऊन?”

“काऊन म्हंजे? कापली तं कोनाच्याच कामाची नाही रायत.”

“मग बॅटबी सामाईक ठेवा.”

मी या गावात हजारो बेरजा-वजाबाक्या शिकवल्या, पण एवढा सरळ हिशोब कधी माझ्या वर्गातल्या पोराने मांडला नव्हता. पाहा, दोन्ही भावांना ते पटलं. पोरीचं शहाणपण म्हणून नव्हे. सामाईक म्हणजे दुसऱ्याला मिळणार नाही, एवढंच त्यांना ऐकू आलं. बॅट विहिरीकडच्या पडवीत खुंटीला टांगली. रिकामी पेटी कुणालाच नको होती. रिंकीने ती ओढत नेली.

दुसऱ्या सकाळी आरडाओरडा ऐकून मी गेलो. रिंकी बॅट काढून बांधीकडे निघाली होती, मागे टिकेशचा टिंकू आणि पाच-सहा पोरं. भुवनेश्वर लुंगीवर धावत आला.

“ठेव ते! सामाईक आहे!”

“मनूनच घेऊन राहिले, बाबा. सामाईक विहिरीचं पानी भराले कोनाले विचारते काय? घरातलं कोनीबी भरते.”

“विहीर येगळी, बॅट येगळी!”

“काल तुम्ही दोघाईनं मानलं ना, सारखीच आहे मनून?”

भुवनेश्वरने माझ्याकडे पाहिलं. पंच होतो ना मी. “गुरुजी, तुम्हीच सांगा हिले.”

मी म्हणालो, “नियम तर नियम आहे, भुवन. सामाईक वस्तूवर घरच्या प्रत्येकाचा हक्क. तूही खेळायला ये. तुझाही हक्क आहे.”

तो आला नाही. त्याला मोबाइलवर टीम लावायची होती.

त्या दिवसापासून कापलेल्या बांधीत रोज खेळ सुरू झाला. धानाचे खुंट पायाला टोचायचे, म्हणून पोरांनी खेळपट्टीपुरती जागा खुरपून काढली. रिंकीने बापाकडून डावा पॅड मागितला, टिंकूने त्याच्या बापाकडून उजवा. एकट्या पॅडचं दोघांनाही काही सुचत नव्हतं, म्हणून दिले. मोजे आणि स्टंपही तसेच आले. मग एका फलंदाजाच्या पायात एक पॅड, दुसऱ्याच्या पायात दुसरा. उदेलाल सांगायचा, मिलच्या टीममध्ये एकच जोडी होती, तेव्हाही असंच खेळायचे. आमच्या दोन हुशार वाटेकऱ्यांनी नकळत जुना रिवाज परत आणला. स्टंप दोन अख्खे आणि मधला अर्धा. त्या मधल्या जागेतून किती चेंडू सुटले त्याची गणतीच नाही, आणि गोलंदाजी करणारं प्रत्येक पोर भुवनेश्वरच्या दुकानाकडे पाहून शिवी हासडायचं.

इंद्रकुमार परत आला संक्रांतीच्या आसपास. सडक अर्जुनीला ढाब्यावर जेवून, दात कोरत आला. भुवनेश्वरने खुर्ची टाकली, टिकेशने गादी. दोघांनी आपापले तुकडे आणून मांडले. डावा मोजा, उजवा मोजा. अर्धा चेंडू, अर्धा चेंडू. इंद्रकुमार बघतच राहिला.

“ये किसने किया?”

“वाटनी झाली,” भुवनेश्वर म्हणाला. “बराबर झाली. गुरुजी पंच होते.”

मी आकाशाकडे पाहिलं.

“फोटो?”

दोघांनी आपापल्या फ्रेमा आणल्या. दोघांनीही त्यावर प्लास्टिकचे हार घातले होते. अर्ध्या बापाला एक हार इकडे, एक हार तिकडे. इंद्रकुमारने फ्रेमा शेजारी शेजारी ठेवल्या आणि मधल्या फटीवर बोट फिरवलं. दोन तुकडे जुळत नव्हते. टिकेशचा तुकडा फ्रेमीत बसत नव्हता, म्हणून त्याने कापल्या कडेने आणखी पट्टी कापून फेकली होती. त्या पट्टीत बॅट गेली होती. उदेलाल आता दोन्ही हातांनी काहीच न धरता उभा होता.

इंद्रकुमार हसला. आधी बारीक, मग पोट धरून. “भाई साहब, वो एक चीज थी ना… वो तो गई.”

“कोनती?” दोघंही एकदम.

“अब क्या बताना.” त्याने चहा संपवला आणि उठला. बाहेर पडताना त्याची नजर बांधीकडे गेली, जिथे रिंकी बॅट घेऊन उभी होती. “वो बैट अकेला भी ले लूंगा. थोड़ा-बहुत दे दूंगा.”

थोडं-बहुत. एवढं ऐकल्यावर दोन्ही भाऊ जन्मात पहिल्यांदा हातात हात घालून बांधीकडे धावले. मी मागून गेलो. माझं वय धावण्याचं नाही, पण हे चुकवण्यासारखं नव्हतं. इंद्रकुमारही मजा पाहायला आला. रिंकीने बॅट पाठीमागे धरली. टिकेशने तिचा हात धरला.

“सोड ते पोरीले.”

धनवंताबाई पाऊलवाटेने आली होती, डोक्यावर विहिरीची घागर. घागर खाली ठेवून ती रिंकी आणि आपल्या पोरांच्या मध्ये उभी राहिली.

“माय, हे धंद्याची गोष्ट आहे,” भुवनेश्वर म्हणाला. “दोघाची संमती आहे आमची.”

“तिघाची लागते,” ती म्हणाली. “विहिरीत माहा हिस्सा आहे. खळ्यात माहा हिस्सा आहे. सामाईक वस्तू विकाची असन तं माहा अंगठा लागते का नाही, गुरुजी?”

“लागतो,” मी म्हणालो.

“मी नाही देत.”

“तुले बॅट कायले पायजे?” टिकेश चिडला.

“तुमच्या बापाले अर्धा-अर्धा करून भिंतीवर टांगला तुम्ही. मी अजून अख्खी आहो. माहा हिस्सा मी या पोरीले देल्ला, सगळ्याच्या समोर. आता जे बोलाचं ते तिच्याशी बोला.”

इंद्रकुमारने गाडीची किल्ली फिरवली आणि गेला. दोघं भाऊ धुऱ्यावर उभे राहिले. नव्याच घातलेल्या धुऱ्यावर. एक या बाजूने, एक त्या बाजूने. तो धुरा अजून नीट बसला नव्हता, टिकेशच्या पायाखाली खचला.

आता ते दोघं रोज भांडतात, की ती ‘एक चीज’ कोणती होती. भुवनेश्वर म्हणतो चेंडू, आणि तो फोडायची कल्पना टिकेशची. टिकेश म्हणतो स्टंप, म्हणून तर टोकाबद्दल मी तेव्हाच बोललो होतो. दुकानात खत घ्यायला आलेल्या माणसाला आधी हे ऐकावं लागतं.

रिंकीने मात्र पेटी परत माजघरात नेऊन ठेवली आहे, आजीच्या खाटेखाली. रात्री बॅट पेटीत असते, दिवसा बांधीत. रविवारी ती पोरांना गोष्ट सांगते. फोटोची गोष्ट आली की पोरांना उठून चालावं लागतं. अर्धी गोष्ट ती तिच्या बापाच्या घरी फ्रेमीसमोर सांगते, उरलेली टिकेशच्या घरी. भुवनेश्वरला टीव्ही बंद करावा लागतो. तो म्हणतो, “लवकर करा वं.” एकदा टिंकूने त्याला विचारलं, “मोठे बाबा, आबाजीनं कोनाची दांडी उडवली होती?” भुवनेश्वर टीव्हीकडे बघत बसला. टीव्ही बंद होता.

मी परवा रिंकीला विचारलं, “त्याला नेमकं काय पाहिजे होतं, तुला कळलं होतं का?”

“हो ना, गुरुजी. तेरवीच्या दिवशी तो बॅट आन् फोटो बाजूबाजूले ठेवून चंद्रकोर पाहून राहिला होता. फोटोतली आन् बॅटवरची. दोन्ही मिळून ते ‘एक चीज’ होती. एकट्याले तेवढा भाव नव्हता.”

“आणि तू तुझ्या बापाला बोलली नाहीस?”

ती बॅटला जवसाचं तेल लावत होती. बोट चंद्रकोरीत फिरवून तिने तेल मुरू दिलं.

“विचारलं कोनी?”